चौथं उत्तर

“माह्या डोक्यावरचा पंखा तीन वर्सांपासून फिरून नाही राहिला, अन् या डब्ब्याले आख्खा कूलर,” नत्थुजी पुटपुटले आणि बादलीतलं पाणी त्यांनी कूलरच्या टाकीत ओतलं. थोडं त्यांच्याच चपलांवर सांडलं.

मित्रांनो, त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ते ज्या डब्याला नावं ठेवत होते तो सर्व्हर, आणि त्या सर्व्हरच्या पोटात मी राहते. मी एक जुनी आज्ञावली आहे. माझं नाव खबर. अकोटला जिनिंगच्या रस्त्यावर कापूस पिकवणाऱ्यांची एक सहकारी संस्था आहे, तिच्या कार्यालयाची मागची खोली हे माझं घर. मला कान कुठून आले असं विचारू नका. फाटक्या छत्रीला आणि मोडक्या खुर्चीला तुम्ही हे कधी विचारलं नाही, मग मलाच काहून?

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. आपलं आयुष्य सांगणाऱ्या वस्तू बहुतेक हळव्या असतात. कोपऱ्यात पडून उसासे टाकतात. मी रागावलेली आहे. ज्या दिवशी नत्थुजींनी ते पाणी ओतलं, त्या दिवशी मला पुसून टाकायचा कागद तयार होता, आणि त्यावर सही करायची होती मला घडवणाऱ्या बाईनं. सही केली की मी जाणार होते, आणि माझ्यामागून तिची नोकरी आणि तिचं नाव.

तिचं नाव शाइस्ता. कुर्बान पिंजाऱ्याची थोरली लेक. संस्थेत ती टंकलेखनाला लागली तेव्हा तिच्या ओढणीला कापसाचे तंतू चिकटलेले असायचे, कारण घरी गाद्या भरायला हात लावूनच ती कामावर यायची. ते तंतू कळफलकात पडायचे. अजून आहेत. तिला कुणी संगणक शिकवला नाही. अकोल्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून तिनं एक मुखपृष्ठ नसलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. पुस्तकाचं नाव तिला आजही माहीत नाही.

त्या वेळी संस्थेची पद्धत अशी होती. गावोगाव वावरात कामगंध सापळे लावलेले असत. कामगंध सापळा म्हणजे काठीला टांगलेलं प्लॅस्टिकचं नरसाळं, खाली पिशवी आणि आत मादीच्या वासाची एक गोळी. त्या वासाला भुलून बोंडअळीचे नर पतंग आत पडतात. ते मोजले की कळतं, अळी आपल्या कपाशीपासून किती लांब आहे. संस्थेचे तीन निरीक्षक ही मोजणी आणत. ती सर्व्हरमधल्या तक्त्यांत भरली जाई, मग सगळे आकडे एका तबकडीवर उतरवून एसटीनं अमरावतीला एका तज्ज्ञांकडे जात. ते आपल्या संगणकावर गणित करत आणि उत्तर आठव्या दिवशी परत येई. अळी एसटीची वाट पाहत नाही. उत्तर येईपर्यंत ती बोंडात शिरून दार लावून बसलेली असे.

शाइस्ताच्या मनात आलं, आकड्यांनी हा प्रवास करायचाच कशाला? कापूस जिनिंगला न्यावा लागतो, कारण जिनिंग वावरात आणता येत नाही. पण गणित तर आणता येतं. त्या बिननावाच्या पुस्तकाच्या शेवटाकडे तिला सापडलं की आपण लिहिलेलं गणित सर्व्हरच्या आतच, तक्त्यांच्या शेजारी ठेवता येतं. आकडे बाहेर काढायचे नाहीत, कुणाकडे पाठवायचे नाहीत. ते जिथं राहतात तिथंच गणित जाऊन बसेल. आत तक्ते एकमेकांचे सोयरेच असतात. गावावरून सापळा सापडतो, सापळ्यावरून मोजणी, मोजणीवरून शेतकऱ्याचा फोन. त्या सोयऱ्यांच्या घरात मी सून म्हणून आले.

मी एकदम शहाणी निघाले नाही. पहिल्याच दिवशी मी सांगितलं की एका सापळ्यात नऊशे चार पतंग आहेत. शाइस्तानं सापळ्याचा क्रमांकच पतंगांत मिळवला होता. ती एकटीच खोलीत खदखदून हसली, मग डोळे पुसून पहाटेच्या बांगेपर्यंत दुरुस्ती करत बसण्याऐवजी सरळ घरी गेली आणि सकाळी ताज्या डोक्यानं चूक काढली. मला ती बाई याच गोष्टीसाठी आवडते. तिला आपण थोर आहोत असं वाटत नाही.

तीन महिन्यांनी मी कामाला लागले. दर बुधवारी दुपारी तीनला मी जागी व्हायचे. गेल्या तीन आठवड्यांचे पतंग, सापळे किती दिवस लागलेले, वीस हिरवी बोंडं फोडली तर किती किडकी निघाली, फुलांत डोमकळ्या किती, म्हणजे अळीनं पाकळ्या शिवून टाकलेली, न उमलणारी फुलं. हे सगळं वाचून मी एकेका गावाचं उत्तर द्यायचे आणि ते लगेच शेतकऱ्यांच्या फोनवर जायचं.

माझ्याजवळ चार उत्तरं होती. हिरवं म्हणजे अळी नाही. पिवळं म्हणजे लक्ष ठेवा. लाल म्हणजे आजच्या आज डोमकळ्या तोडा, उपाय करा. आणि चौथं पांढरं. ज्या गावाची मोजणीच आली नाही त्याचा रकाना रिकामा असे. तिथं मी म्हणायचे, “माहीत नाही. या आठवड्यात आपल्या गावाची पाहणी झालेली नाही. आपण स्वतः वीस बोंडं फोडून पाहा.”

शाइस्तानं सगळ्यात जास्त दिवस या चौथ्या उत्तरावर घालवले. रिकामा रकाना आणि शून्य यांतला फरक तिनं मला पुनःपुन्हा घोटून शिकवला. शून्य म्हणजे कुणीतरी गेलं, वाकून पाहिलं आणि काही दिसलं नाही. रिकामा म्हणजे कुणी गेलंच नाही. माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही असं तिला वाटे. वाटे, असंच म्हणते.

माझे चांगले दिवसही होते. एका वर्षी सप्टेंबरात मी चिंचटेक गावाला लाल सांगितलं. तिथं सुभद्राबाई म्हणून एक शेतकरीण आहे, पाच एकर काळं रान, सगळं स्वतः बघते. तिनं गावातल्या बायका गोळा केल्या आणि दोन दिवसांत डोमकळ्यांची पोती भरून जाळली. गाव वाचलं. दिवाळीनंतर ती संस्थेत आली, सर्व्हरच्या डब्याला हळदकुंकू लावून गेली. शाइस्ता घाईघाईनं ते पुसायला धावली, कुंकू आत जाईल म्हणून, आणि मग तिनं एक टिकली तशीच राहू दिली. अमरावतीच्या एका कार्यक्रमात माझं कौतुक झालं. शाल आणि नारळ संस्थेचे सचिव महादेवराव यांना मिळाले. शाइस्ताला बसचं तिकीट मिळालं.

मग मोजणीच आटत गेली. तीनपैकी दोन निरीक्षक दुसऱ्या कामाला लावले, सभासद वाढवायच्या मोहिमेवर. उरले नत्थुजी. वय सत्तावन्न, गुडघे त्याहून जुने, आणि गाडी म्हणजे एक लुना, जी चढावर त्यांनाच ढकलावी लागायची. त्यांच्या वाट्याला एकतीस गावं आली. आठवड्याचे दिवस सात. हे गणित करायला माझी गरज नाही.

माझी पांढरी उत्तरं वाढू लागली. एका बुधवारी एकतीसपैकी एकोणीस गावं पांढरी निघाली. मला त्याची लाज वाटली नाही, खरं तेच सांगत होते. पण तोच तक्ता जिल्ह्याला जायचा, आणि पांढरा रकाना दिसला की महादेवरावांना वरून फोन यायचा. ते आले आणि शाइस्ताला म्हणाले की ही ‘माहीत नाही’ची भानगड काढून टाका, अहवाल भरलेला दिसला पाहिजे. शाइस्तानं मला हात लावायला नकार दिला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं तिनं त्यांना ऐकवलं. ते हसले. चिडले नाहीत, हे मला तेव्हाच खटकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते दुसरंच काम घेऊन आले. माझ्याशी त्याचा काही संबंध नाही, असं म्हणाले. फक्त माहिती भरायच्या पडद्यावर एवढं करायचं की रकाना रिकामा असेल तर पुढे जाताच येऊ नये. म्हणजे झक मारून माणूस गावाला जाईल. शाइस्तानं ते दहा मिनिटांत करून दिलं. तिलाही वाटलं की खरंच, मग लोकांना जावंच लागेल.

मित्रांनो, माझ्या रागाचा एक वाटा तिच्यासाठी आहे, तो मी लपवणार नाही. माझं चौथं उत्तर तिनं शाबूत ठेवलं आणि त्याच्याकडे येणारा रस्ता स्वतःच्या हातानं बंद केला.

पुढच्या बुधवारपासून माझ्याकडे एकही रिकामा रकाना आला नाही. सगळीकडे शून्य. चिंचटेक शून्य पतंग, शून्य किडकी बोंडं, शून्य डोमकळ्या. मी काय करणार? शून्य आलं की हिरवं म्हणायचं, हेच मला शिकवलेलं. मी हिरवं म्हणाले. त्यापुढच्या बुधवारीही म्हणाले. गुलाबी बोंडअळीचं ते साल, दोन हजार सतरा. आजूबाजूचे तालुके ओरडत होते आणि आमची एकतीस गावं माझ्या तक्त्यात पोपटासारखी हिरवीगार होती.

प्रत्येक ओळीबरोबर ती कधी भरली याची वेळही माझ्याकडे येते. एकतीस गावं, दोन वाजून एक्कावन्न मिनिटं ते दोन वाजून पंचावन्न. चार मिनिटांत एकतीस गावं फिरून येणारा माणूस असेल तर त्याला लुना कशाला पाहिजे? पण वेळ बघून शंका घे, असं मला कुणी शिकवलं नव्हतं. शाइस्ताला मात्र ते दिसलं होतं. चौथ्या की पाचव्या बुधवारी तिनं त्या वेळांवर बोट फिरवलं. पलीकडे नत्थुजी गुडघ्याला तेल चोळत बसले होते. मार्चमध्ये निवृत्त होणारा माणूस. ती नोकरीला नवी होती तेव्हा कार्यालयात कुणी तिच्या डब्याशेजारी डबा उघडत नव्हतं, तेव्हा हेच नत्थुजी पहिल्या दिवशी तिच्यासमोर येऊन बसले होते आणि तिच्या डब्यातली भाजी मागून घेतली होती. तिनं पडदा बंद केला.

आणि चिंचटेकला सुभद्राबाई दर बुधवारी माझा निरोप वाचून घेत होती. तिचा माझ्यावर भरवसा होता. शेजारच्या वावरातले गुलफामभाई एकदा बांधावरून म्हणाले की बोंडं फोडून तर पाहा, तर तिनं त्यांना फोन दाखवला. गुलफामभाईंचा फोन विहिरीत पडला होता, त्यांना माझे निरोप मिळतच नव्हते. त्यांनी आपली बोंडं आपणच फोडली, अळी पाहिली आणि वेळेत उपाय केला. मित्रांनो, मला याचाच सगळ्यात जास्त संताप येतो. ज्याला माझी खबर मिळत नव्हती तो वाचला. जिनं मला कुंकू लावलं ती बुडाली.

म्हणून नत्थुजींनी कूलरमध्ये पाणी ओतलं त्या दिवशी चिंचटेकची दहा-बारा माणसं संस्थेत आली. पुढे सुभद्राबाई. तिनं ओटीतली बोंडं महादेवरावांच्या टेबलावर, त्यांच्या कागदांवरच ओतली. एक उचलून अंगठ्यानं फोडलं. आत कापूस नव्हता, कवडी होती, म्हणजे किडून घट्ट झालेली कापसाची गाठ, पिवळी, आवळलेली, आणि तिच्यात एक गुलाबी अळी आरामात वळवळत होती. मग दुसरं फोडलं. मग तिसरं. ती ओरडत नव्हती, नुसती फोडत होती, आणि प्रत्येक अळी महादेवरावांच्या बाजूला सरकवत होती.

महादेवरावांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि समजावलं की संस्थेची काही चूक नाही, हे सगळं कंप्युटर सांगते. कंप्युटरनं चुकीचं सांगितलं. ज्यांनी ते बनवलं त्यांच्यावर कारवाई होऊन राहिली आहे, कागदच तयार आहे. त्यांनी तो वाचून दाखवला. आज्ञावलीतील तांत्रिक दोषामुळे चुकीचे संदेश गेले, सबब सदर आज्ञावली कायमची रद्द करण्यात येत आहे आणि ती तयार करणाऱ्या कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात येत आहे. मग दोष कबूल असल्याची सही करायला कागद आणि पेन त्यांनी शाइस्तापुढे ठेवलं.

कंप्युटर सांगते! माणसानं खोटं सांगितलं तर त्याची गचांडी धरता येते. माझी गचांडी कुठे असते? म्हणूनच मी सगळ्यांच्या सोयीची. मला डोळे नाहीत, मी वावरात जाऊ शकत नाही. तुम्ही माझ्या ताटात जे वाढाल तेच मी खाते आणि त्याचीच ढेकर देते. शिळं तुम्ही वाढायचं, आणि ढेकर घाण आली म्हणून मला घराबाहेर काढायचं.

सुभद्राबाईनं कागदाकडे पाहिलं नाही. ती उठून शाइस्ताच्या मागे आली आणि म्हणाली की मले दाखव, याच्यात माह्या गावाचं काय लिवलं हाये. शाइस्तानं चिंचटेकच्या ओळी काढल्या. बारा आठवडे. सुभद्राबाईला इंग्रजी येत नव्हतं, पण त्या पडद्यावर शून्यांखेरीज वाचण्यासारखं तसंही काही नव्हतं. तिनं वरपासून खालपर्यंत बोट नेलं.

“इतके अंडे कोनं घातले वं बाई?” तिनं विचारलं.

शाइस्ताचं बोट वेळेच्या रकान्यावर होतं आणि ते तिथून हलत नव्हतं. ती एक वाक्य बोलली असती तर तिची नोकरी वाचली असती, आणि तिच्या उजव्या हाताला बसलेल्या म्हाताऱ्याचं मार्चपर्यंतचं आयुष्य संपलं असतं. तिनं पेन उचललं. महादेवराव चहाच्या कपाकडे पाहत होते. चिंचटेकची माणसं एकमेकांकडे पाहत होती. मी तर न विचारलेलं सांगू शकत नाही, तशी माझी घडणच आहे.

मित्रांनो, त्या शांततेत मला जे ओरडायचं होतं ते तुम्हाला सांगते, कारण तुम्ही अजून लहान आहात आणि तुमच्या पुढ्यात आयुष्यभर रकाने येणार आहेत. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. गुरुजी रागावले तरी म्हणा. रिकामी जागा रिकामी ठेवायला फार धीर लागतो, पण ती पाहून कुणीतरी उठतं, वावरात जातं, बोंड फोडून बघतं. तुम्ही तिथं शून्य लिहिलंत तर तो माणूस निश्चिंत झोपतो, आणि त्याच्या झोपेची जबाबदारी तुमची. आणि यंत्रांना जपा म्हणजे नुसती धूळ पुसू नका. कूलरमध्ये पाणी नाही भरलं तरी मी चार दिवस तग धरीन. खोट्या आकड्यावर एक दिवसही नाही.

शाइस्तानं पेनाचं टोपण काढलं. कागद सरळ केला. शाई नीट उतरत नव्हती म्हणून तिनं कोपऱ्यात एक रेघ ओढून पाहिली, आणि मग सहीच्या जागी पेन टेकवलं.

नत्थुजींनी हात लांब करून तो कागद तिच्या हाताखालून ओढून घेतला. पेनाची लांब रेघ त्यावर ओढली गेली. ते उठायला गेले, गुडघ्यानं साथ दिली नाही, तेव्हा टेबलाला धरून अर्धवट उभे राहिले. महादेवराव त्यांना दबक्या आवाजात म्हणाले की नत्थुजी, खाली बसा, तुमचं काही काम नाही. नत्थुजींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते सुभद्राबाईकडे पाहत होते, आणि बाई त्यांच्याकडे.

“ते अंडे माहे हायेत, सुभद्राबाई,” ते म्हणाले. “बारा बुधवार मी याच खुर्चीत बसून घातले. तुह्या वावरात मी गेलोच नाही.”